नाव घेताना कानाला हात

शिवजयंतीच्या मिरवणुकीआधी बेळगावातल्या आमच्या गल्लीतल्या मंडळाची बैठक भरली होती. विषय साधा होता, चौकातल्या स्वागतफलकावर महाराजांचं चित्र कोणतं लावायचं. एका पोरानं मोबाइल पुढे केला. एआयकडून दोन मिनिटांत काढून घेतलेलं चित्र. घोडा देखणा, आकाश पेटलेलं, पण महाराजांच्या अंगावर युरोपातल्या सरदाराला शोभेल असं चिलखत. मागचा किल्ला ना राजगड, ना आपला येळ्ळूरचा राजहंसगड. खाली 'छत्रपती' लिहिताना 'त्र'चं भलतंच काहीतरी झालेलं. लगेच दोन तट पडले. 'हे चोरीचं चित्र आहे, मंडळाला शोभत नाही,' असं एका बाजूचं म्हणणं. 'फ्लेक्स आला तेव्हाही असंच ओरडत होता. आता फ्लेक्सशिवाय तुमचं पान तरी हलतं का?' असं दुसरीचं. तासाभरानं दोन्ही बाजू दमल्या आणि फुकट मिळत होतं म्हणून तेच चित्र, अक्षरं तेवढी दुरुस्त करून, चौकात लागलं.

मार्च २०२५ मध्ये घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीत आपापले फोटो करून घेण्याची लाट आली तेव्हाही हीच दोन वाक्यं सगळीकडे ऐकू येत होती. एक म्हणतो चोरी, दुसरा म्हणतो प्रगती, आणि मग गाडी 'यंत्राला कला जमते का' या प्रश्नावर येऊन रुतते. मला हा प्रश्न आज बिनमहत्त्वाचा वाटतो. यंत्रानं काढलेलं चित्र सुंदर असू शकतं, हे मी मान्य करून पुढे जातो. मला विचारायचंय ते वेगळंच. ज्यांच्या चित्रांवर हे यंत्र पोसलं गेलं, त्यांना कुणी विचारलं का? त्यांचं नाव कुठे घेतलं जातं का? आणि यंत्र जे कमावतं त्यातला वाटा त्यांच्या घरी पोचतो का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर आज जवळजवळ सगळीकडे 'नाही' असं आहे, आणि ते बदलायचं तर एकेका कलावंतानं एकट्यानं कोर्टाची पायरी चढून भागणार नाही. हक्क सामायिक असावा लागेल. तसा हक्क कसा दिसतो याचं एक उदाहरण आपल्याच सीमाभागात, आपल्या पायात आहे. त्याकडे मी येतोच.

आधी समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. 'माणूसही नक्कल करूनच शिकतो, मग यंत्रानं केली तर एवढा गहजब कशाला?' या मुद्द्याला हसण्यावारी नेता येत नाही, आणि बेळगावकरांना तर नाहीच. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा नामवंत गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. ताना, हरकती, लकबी, सगळं हुबेहूब. याच नकलेच्या बळावर त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली आणि १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत त्यानं जाणकारांना थक्क केलं. त्या पोरानं कोणत्या खाँसाहेबांची परवानगी घेतली होती? कुणालाच रॉयल्टी दिली नव्हती. मग सुळेभावीच्या पोराला पदवी आणि यंत्राला शिव्या, हा दुटप्पीपणा नाही का?

नाही, आणि का नाही ते नीट सांगायला हवं, कारण 'यंत्राला आत्मा नसतो' असं म्हणून हा मुद्दा खोडता येत नाही. कुमारांची नक्कल ही त्यांच्या शिक्षणाची सुरुवात होती. त्या परिषदेनंतर ते देवधर मास्तरांकडे राहिले आणि अनेक वर्षं शिकले. पुढे क्षयानं गाठलं, देवासला अंथरुणाला खिळून राहावं लागलं, गाणं बंद पडलं, आणि त्या शांततेत कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून त्यांचं स्वतःचं गाणं घडलं. नकलेची किंमत त्यांनी आपल्या आयुष्यातल्या वर्षांनी मोजली. शिवाय एक कुमार घडला म्हणून एकाही खाँसाहेबाची मैफल रद्द झाली नाही, कारण एक माणूस एका संध्याकाळी एकाच हॉलात गातो. यंत्राचं प्रमाण बघा. चित्रं काढणाऱ्या सुरुवातीच्या मॉडेलना शिकवायला जो 'लायन-५बी' नावाचा संच वापरला गेला, त्यात ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्यांच्या वर्णनांसकट होते, इंटरनेटवरून गोळा केलेले. एवढ्या चित्रांमागच्या माणसांना कुणी विचारलं नाही. आणि जे तयार झालं ते त्याच चित्रकारांच्या गिऱ्हाइकाला, त्याच कामासाठी, महिन्याच्या वर्गणीवर विकलं जातं.

आणखी एक फरक आहे आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. आपल्याकडे गवई उस्तादाचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. ही रीत लहानपणापासून बघत आल्यानं आपल्याला तिचं काही वाटत नाही, पण तिच्यात कर्जाची कबुली आहे. हे माझं नाही, मी हे अमक्याकडून घेतलं, असं चारचौघांत सांगणं आहे. चित्रकलेतही तेच. बेळगावच्या के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे शिकले, जॉन फर्नांडिस शिकले. दोघांचे रस्ते वेगळे झाले, तरी आपण कुणाचे विद्यार्थी हे दोघांबद्दल आजही आदरानं सांगितलं जातं. यंत्राला कान नाहीत, त्याच्याकडून ही अपेक्षा मी करत नाही. यंत्र चालवणाऱ्या कंपन्यांना मात्र कान आहेत. कोणती चित्रं वापरली याची यादी त्यांना देता येईल. बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. धंद्यातलं गुपित म्हणून ती झाकून ठेवतात. शिष्यानं गुरूचं नाव लपवलं तर आपण त्याला काय म्हणतो?

दुसरा मुद्दा फ्लेक्सचा, म्हणजे 'नव्या साधनानं जुनी पोटं मारली जातातच, पण समाजाचा फायदा होतो' हा. यातही खरं खूप आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला तेव्हा देवळात ज्यांना पाऊल टाकू दिलं जात नव्हतं त्यांच्याही घराच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. मूळ तैलचित्र राजवाड्यात राहिलं, छापील प्रत झोपडीत गेली. कुणाला याचं वाईट वाटावं? आज खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या मंडळाकडे चित्रकाराला द्यायला पैसे नसतात. तिथल्या पोराला आपल्या मनातलं चित्र फोनवर उमटवता येत असेल तर त्याच्या तोंडावर 'चोर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण रविवर्म्यांच्या गोष्टीतला एक तपशील हे उदाहरण देणारे सोडून देतात. छापखाना त्यांचा स्वतःचा होता. आपली चित्रं छापून घरोघर जावीत हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. पुढे कर्जापायी १९०१ मध्ये छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, तोही व्यवहार करून. इतर छापखान्यांनी त्यांच्या चित्रांच्या नकला बाजारात आणल्या तेव्हा लोकांनी त्याला नक्कलच म्हटलं. कुणी त्याला 'लोकशाहीकरण' असं गोंडस नाव दिलं नाही.

आणि फ्लेक्स? शहापुरात पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरकाकांशी मी याबद्दल बोललो. खडूनं आखणी करून, सुतानं रेघ मारून, एका फळीवर वरती कन्नड आणि खाली मराठी अशी दोन्ही अक्षरं सारख्याच प्रेमानं लिहिणारा हा माणूस. दोन राज्यांतल्या भांडणात पाटीवरच्या अक्षराची किंमत काय असते, हे सीमाभागातल्या पेंटरइतकं कुणाला कळणार? ते म्हणाले, 'फ्लेक्सनं माझ्या पाट्या नेल्या, व्हय. पण चित्ररथाच्या पडद्याचं डिझाइन तरी माझ्याकडनंच काढून न्यायचे ओ. आता ते पण गेलं. आणि मोबाइलमधलं ते चित्र बघितलं की वाटतंय, हा घोडा आपणच कधीतरी काढलाय की काय!' त्यांचाच घोडा त्यात आहे असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण फरक नेमका त्यांनी पकडला. फ्लेक्सच्या मशिनीनं पेंटरचं काम घेतलं, पण त्या मशिनीत पेंटरची चित्रं वाटून घातलेली नव्हती. एआयच्या बाबतीत चित्रकार हरतो तो स्वतःच्याच कामाशी, आणि त्या कामाचा मोबदला तिसऱ्याच्या खिशात जातो.

शिवाय जुनी साधनं मरताना कायदा नेहमी हात बांधून उभा राहिलेला नाही. शहापूर, वडगाव, खासबाग या आपल्याच वस्त्यांत हातमागाची जागा यंत्रमागानं घेतली. यंत्रमाग कुणी बंद पाडले नाहीत. पण १९८५ मध्ये हातमागासाठी कापडाचे काही वाण राखून ठेवणारा कायदा झाला, सुरुवातीला २२ आणि पुढे ११ वाण. २००६ मध्ये 'हातमाग' हा शिक्का आला, म्हणजे कापड घेणाऱ्याला कळावं की हे हातानं विणलेलं आहे. हा कायदा पुरा पडला का? नाही. त्याची अंमलबजावणी ढिली राहिली आणि विणकरांची मुलं दुसऱ्या कामांना लागली. तरी तंत्र स्वीकारूनही काही जागा हातासाठी राखता येते आणि काय हाताचं, काय यंत्राचं हे गिऱ्हाइकाला सांगता येतं, एवढं त्यातून दिसलंच. 'आता थांबवता येणार नाही' म्हणणाऱ्यांना मी म्हणेन, थांबवा असं म्हणतंय कोण?

तिसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. शैलीवर कुणाची मालकी नसते. नसावीच. उद्या शैलीची मालकी मान्य झाली तर सगळ्यात आधी मोठ्या कंपन्या शेकडो शैली आपल्या नावावर करून घेतील आणि गल्लीतल्या चित्रकाराला ब्रश उचलताना वकील गाठावा लागेल. पण शैली वेगळी आणि नाव वेगळं. पोलंडचे चित्रकार ग्रेग रुतकोवस्की यांचं नाव २०२२ मध्ये लोकांनी हजारो वेळा प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे चित्रासाठी यंत्राला दिलेल्या लेखी सूचनेत, टाकलं, इतकं की त्यांच्या नावानं शोधलं तर त्यांनी कधीच न काढलेली चित्रं समोर येऊ लागली. जिवंत माणसाचं नाव हे बटण झालं. आपल्या कोर्टांना हा फरक कळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशा भोसले यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल त्यांच्या परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. चित्रकाराच्या नावाबद्दल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७ वं कलम आधीपासून बोलतंय. चित्र विकलं तरी कर्तेपणाचा हक्क कलावंताकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प सरकारनं उखडून गोदामात टाकलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल याच कलमाच्या आधारे लढले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल देत पाच लाखांची भरपाई दिली. नावाची मागणी ही हळव्या मनाची तक्रार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल आठवावा. पण आशाताई कोर्टात जाऊ शकल्या, सेहगल जाऊ शकले. शहापूरचे पेंटरकाका कुठे जाणार?

'कोट्यवधी लोकांना पैसे वाटणं अशक्य आहे' असं कंपन्या सांगत आल्या. २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, सुमारे पाच लाख पुस्तकं, दर पुस्तकामागे अंदाजे तीन हजार डॉलर. म्हणजे मोजता येतं आणि देताही येतं. अर्थात यात दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हे पैसे चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तकं उतरवून घेतल्याबद्दल होते. रीतसर विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकवणं त्याच न्यायाधीशांनी वैध ठरवलं होतं. आणि त्या यादीत बसली ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात मुदतीत नोंदलेली पुस्तकं. बेळगावच्या एखाद्या मराठी लेखकाचं पुस्तक त्या ढिगात असतं, तरी नोंदीअभावी त्याच्या हातावर एक पैही पडली नसती.

म्हणूनच केंद्र सरकारच्या समितीनं डिसेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावाकडे मी आशेनं आणि काळजीनं, दोन्ही नजरांनी बघतो. प्रस्ताव असा, की कंपन्यांना रीतसर मिळवलेलं सगळं साहित्य यंत्राला शिकवण्यासाठी वापरण्याचं सक्तीचं लायसन्स द्यावं, त्यांनी कमाईतून रॉयल्टी भरावी आणि एका मध्यवर्ती संस्थेनं ती कलावंतांमध्ये वाटावी. एकटा चित्रकार परदेशी कंपनीशी वाटाघाट करू शकत नाही, तेव्हा गटानं वसुली हाच मार्ग आहे, हे मला पटतं. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना त्यांनी सही करून दिली तरी सुटणार नाही असा रॉयल्टीचा हक्क दिला, तो याच विचारातून. पण या प्रस्तावात कलावंताला 'नको' म्हणायची सोय नाही. माझं चित्र यंत्राला घालू नका, असं म्हणण्याचा हक्क काढून घेऊन त्या बदल्यात पैसे देऊ केले, तर ती परवानगी कशी? ज्याची जमीन सरकारनं सक्तीनं घेतली त्याला भरपाई मिळते, पण त्यानं जमीन विकली असं कुणी म्हणत नाही. आणि वाटप नोंदणी पाहूनच होणार असेल तर ज्यांच्या कामाची कुठेच नोंद नाही त्यांचं काय? गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी रंगवणारे, खानापूरचे कुंभार, गणपतीचे डोळे आखणारे मूर्तिकार, चित्ररथाचे पडदे रंगवणारे, या सगळ्यांचे फोटो इंटरनेटवर आहेत. नाव कुणाच्याच खाली नाही.

इथे आपल्या पायातली वहाण उपयोगी पडते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांची, लिडकॉम आणि लिडकर यांची, मिळून. ज्या दोन राज्यांचं १९५६ पासून एका रेषेवर एकमत झालेलं नाही, ज्यांच्या एसटी बस भांडण पेटलं की निपाणीच्या अलीकडे-पलीकडे थांबतात, त्यांनी एका चपलेचा हक्क सामायिक मानला! जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल नावाचा उल्लेखही न करता मांडली, तेव्हा अथणी-निपाणीपासून कोल्हापूरपर्यंत संताप उसळला. कंपनीला उगम कबूल करावा लागला आणि डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार करावा लागला. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयानं एक जनहित याचिका फेटाळली होती, कारण ती करणारे नोंदणीकृत मालक नव्हते. मला हा तपशील फार बोलका वाटतो. नुसत्या संतापाला कायद्यात उभं राहायला जागा मिळाली नाही. करार झाला तेव्हा मात्र कंपनीच्या समोर बसायला नोंदलेला, सामायिक मालक होता.

मी हे उदाहरण सोनेरी करून सांगत नाही. अथणीत शिवलेली चप्पल पिढ्यान्‌पिढ्या 'कोल्हापुरी' म्हणून विकली गेली आणि अथणीचं नाव त्यात बुडालं. करारातला पैसा हत्यार धरणाऱ्या हातापर्यंत किती पोचेल, हे अजून बघायचंय. चपलेचं मानांकन चित्राला जसंच्या तसं लागू होत नाही, हेही मला कळतं. पण त्यातली कल्पना उचलता येते. चित्रकार, मूर्तिकार, पाटी-पेंटर यांच्या जिल्हावार नोंदी व्हाव्यात, फुकट आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत. 'नको' म्हणायचा हक्क आणि रॉयल्टीतला वाटा, दोन्ही त्या नोंदीच्या जोरावर गटानं वापरता यावेत. कंपन्यांनी शिकवायला काय वापरलं ते उघड करावं. आणि जिवंत कलावंताचं नाव प्रॉम्प्टमध्ये टाकून चित्र काढून देणं त्याच्या संमतीशिवाय बंद व्हावं. यातलं काय अव्यवहार्य आहे ते कुणीतरी मला दाखवावं.

दिल्लीत काय व्हायचं ते होवो, वर्गणीचा पैसा मात्र आपल्या हातात आहे. टिळकांच्या हस्ते १९०५ मध्ये ज्या गावात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला असं आपण अभिमानानं सांगतो, त्या गावातल्या मंडळांनी एवढं तरी ठरवावं, की लोकांच्या पैशातून लागणारा मुख्य फलक माणसाकडून रंगवून घ्यायचा आणि खाली कोपऱ्यात त्याचं नाव लिहायचं. त्यानं मदतीला एआय घेतलं तरी माझी हरकत नाही, जबाबदार माणूस एक असला पाहिजे. हा ठराव मी आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. मागच्या बैठकीनंतर मी हे बोललो तेव्हा एकानं मनापासून विचारलं, 'पण पेंटर राहिलेत कुठं?' मी घरी येऊन मोजायला बसलो. शहापूर ते वडगाव मला माहीत असलेले तिघं निघाले. एक आता रिक्षांच्या नंबरप्लेटी रंगवतो, दुसऱ्याच्या हाताला कंप आहे. तिसरे ते काका. त्यांना मी विचारून आलोय. कन्नड आणि मराठी, दोन्ही अक्षरं लिहीन म्हणाले, रंग तेवढा मंडळानं आणून द्यावा.